अक्काचे ऑर्किड

दिवाळी अंकात झाडांविषयी लिहायचे म्हणजे झेंडू-शेवंतीविषयीच लिहावे, असा एक संकेत आहे. या सदरानेही तो आजवर इमानाने पाळला. यंदा मात्र तो मोडतो आहे. ज्या फुलाविषयी लिहिणार आहे ते लक्ष्मीपूजनाला चालत नाही, त्याला वास नाही, ते वेणीत माळता येत नाही, आणि आमच्या नांदेड-लातूरच्या हवेशी तर त्याचे सात जन्मांचे वैर आहे. तरी त्याची हकीगत दिवाळीतलीच आहे, कारण तिची सुरुवात भाऊबीजेच्या पाटावर झाली.

गेल्याच्या मागच्या वर्षीची ही गोष्ट. भाऊबीजेला नेहमीप्रमाणे लातूरला अक्काकडे गेलो होतो. दाजींना जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. सण करायचा नाही असे अक्का आधी म्हणाली होती. पण मी दारात उभा राहिलेला पाहून तिने मुकाट्याने कणकेचे दिवे केले, पाट मांडला. ओवाळून झाल्यावर मी सहज खिडकीकडे पाहिले. तिथे पांढऱ्या चिनी मातीच्या चकचकीत कुंडीत एक झाड होते. झाड म्हणजे काय, ओल्या चिंधीसारखी लोंबणारी दोन पाने आणि पिवळे पडलेले एक तिसरे.

“ह्ये त्यांनी आणलेलं,” अक्का म्हणाली. “रोज पाणी घालायलेय, तरी वाळायलंय बघ. तू झाडांचं लिहितोस ना पेपरात?”

तेव्हा आठवले. माघात दाजींना तपासणीसाठी पुण्याला नेले होते. परतताना त्यांनी वाटेतल्या एका दुकानातून हे ऑर्किड घेतले. आयुष्यभर बायकोसाठी मोगऱ्याच्या गजऱ्यापलीकडे काही न आणलेल्या माणसाने एकदम पांढऱ्याशुभ्र फुलांचा घोस घरी आणला! अडीच महिने तो घोस तसाच टिकला. गल्लीतल्या बाया मुद्दाम पाहायला येत. चैत्रात फुले गळाली, श्रावणात दाजी गेले, आणि आता हे झाडही त्याच वाटेने निघाले होते.

गल्लीतल्या वैद्यांनी आपापले उपचार करून झाले होते. एकीने चहाचा चोथा घालायला सांगितला होता, दुसरीने ताक, तिसरीच्या जावयाने डोकेदुखीची गोळी विरघळवून दिली होती. आपल्याकडे माणूस आजारी पडला की औषध सांगणारे जितके भेटतात, त्याहून झाडाला सांगणारे अधिक. कारण झाड उलटून बोलत नाही.

मी झाड खोडाशी धरून हलकेच वर उचलले. ते कुंडीतून अल्लद बाहेर आले, आणि त्याबरोबर तुंबलेल्या गटारासारखा वास. कुंडीच्या तळाला भोक नव्हते. आत शेवाळाचा काळा, चिकट गोळा झाला होता. एक मूळ चिमटीत धरून ओढले, तर सुरीच्या म्यानासारखे वरचे साल हातात आले आणि आत नुसता दोरा राहिला.

“मी काही कमी पडू दिलं नाही रे,” अक्का मागून म्हणाली.

मी झाडाच्या नादात होतो. बोलून गेलो, “कमी कुठं पडलं, अक्का? जास्त झालंय. पाण्यानंच मेलंय हे.”

ती काही बोलली नाही. आत जाऊन तिने ताटे घेतली.

लातुरात पाण्याने झाड मरावे, यासारखा विनोद नाही. याच शहरात मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. त्या उन्हाळ्यात अक्काने भांडी विसळलेले पाणी तुळशीला आणि तांदूळ धुतलेले जास्वंदीला घालून दोन्ही जगवली होती. पाण्याचा थेंब वाया घालवणे तिच्या रक्तात नाही. मग तिच्या हातून हे व्हावे कसे?

त्याचे उत्तर रात्री मिळाले. जेवणे झाल्यावर ओट्यावर बसलो होतो. अक्काच म्हणाली, “त्यांच्या किडन्या गेल्या होत्या ना, तवा डॉक्टरनं पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. दिसाला एक लिटर, त्यात चहा-वरण सगळं धरून. मी तांब्यावर रेघ मारून ठेवली होती. वैशाखात घोटभर मागायचे, तर मी नाही म्हणायची. लेकरासारखं तोंड करायचे. नाहीच दिलं मी.” जरा थांबून म्हणाली, “ह्या झाडाला कुणी नाही म्हणलं नव्हतं. म्हणून घालायची.”

दुपारी मी बोललो ते शब्द परत घेता आले असते तर फार बरे झाले असते. ते जमत नाही, म्हणून मी म्हणालो, “अक्का, मुळं चार शिल्लक आहेत. मी नांदेडला नेतो.”

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हल्ली हे झाड भेट म्हणून येते. तेव्हा अक्काची चूक काय झाली, हे नीट सांगणे माझे काम आहे.

या ऑर्किडचे नाव फॅलेनॉप्सिस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पतंगासारखे दिसणारे. १८२५ साली ब्लूम नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव ठेवले. जावा-फिलिपाइन्सकडच्या दमट रानात हे झाड जमिनीत नव्हे, तर दुसऱ्या झाडाच्या खोडावर वाढते. खोडावर राहते म्हणून आपण त्याला बांडगूळ समजतो. पण बांडगूळ यजमानाच्या घरात शिरून त्याचा रस पिते. ऑर्किड नुसते ओसरीवर राहते, चूल आपली आपण मांडते. हा गैरसमज जुना आहे. ऑर्किडच्या एका मोठ्या कुळीचे वांदा हे शास्त्रीय नावच मुळी संस्कृतातल्या ‘वन्दा’ या शब्दावरून आले, आणि त्याचा अर्थ बांडगूळ! या वांद्यातली एक जात आपल्या कोरड्या रानांतही आंब्याच्या खोडावर भेटते. तिच्या तपकिरी-पिवळ्या पाकळ्यांवर चौकटींची नक्षी असते. सह्याद्रीतली सीतेची वेणी पुष्कळांनी पाहिली असेल. तीच आसामचे राज्यफूल आहे. मराठी विश्वकोशाने या साऱ्या गोताला ‘आमर कुल’ म्हटले आहे.

खोडावर राहणाऱ्या या झाडाची मुळे हवेत लोंबतात. त्यांच्यावर स्पंजासारखे राखी आवरण असते. पावसाची सर आली की ते पाणी टिपून घेते आणि मूळ हिरवे दिसू लागते. सर ओसरली, वारा सुटला, की काही तासांत आवरण पुन्हा सुकून चांदीसारखे होते. भिजणे आणि सुकणे, दोन्ही मिळाले तरच मूळ जगते. कारण त्याला पाण्याइतकीच हवा लागते. बिनभोकाच्या कुंडीत, ओल्या शेवाळात ते गुदमरते आणि कुजते. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. मग पाने सुकतात. सुकलेली पाने पाहून घरधनीण समजते, झाड तहानले आहे. ती आणखी पाणी घालते. तहान खरीच असते, पण पाणी पिणारे तोंडच उरलेले नसते.

यात अक्काने लाजण्यासारखे काही नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या श्रीमंतांनी कोंदट, वाफाळलेल्या काचघरांत कोंडून हजारो ऑर्किडे मारली. नंतर क्यू येथील राजोद्यानाचा प्रमुख झालेल्या जोसेफ हूकर याने १८५० साली खासी टेकड्यांत निळ्या वांदाची सात माणसांना पुरतील एवढी ओझी गोळा केली होती. विलायतेला त्यांतली फार थोडी जिवंत पोचली. त्या काळी ऑर्किड म्हणजे सरदारांचा शौक. त्याचे बी धुळीसारखे बारीक. त्यात अंकुराला पुरेल एवढी शिदोरीही नसते. रुजण्यासाठी त्याला एका बुरशीची सोबत लागते, हे १८९९ साली फ्रान्सच्या नोएल बर्नार याने शोधले. १९२२ साली अमेरिकेच्या लुईस नडसन याने बुरशीऐवजी साखर घातलेल्या खाद्यावर, काचेच्या बाटलीत हे बी रुजवून दाखवले. आज प्रयोगशाळांतून लाखो रोपे निघतात आणि पुण्याच्या दुकानातून लातूरच्या खिडकीत येऊन बसतात. मरणाची रीत मात्र तीच राहिली आहे.

असो. दुसऱ्या दिवशी कुंडी अक्काकडेच ठेवून नुसते झाड वर्तमानपत्रात गुंडाळले आणि मांडीवर घेऊन एसटीत बसलो. चाकूर, अहमदपूर, लोहा अशी वाट. अहमदपूरला चढलेल्या एका म्हाताऱ्याने बराच वेळ निरखून विचारले, “कशाचं रोप म्हणायचं?” मी म्हणालो, “फुलाचं.” तो म्हणाला, “मेलंय की ओ!” कंडक्टर दयाळू निघाला. म्हणाला, “राहू द्या बाबा, दवाखान्यात न्यायलेत. हाफ तिकीट घेत नाही.”

नांदेडला आल्यावर कात्री गॅसच्या ज्योतीवर धरून तापवली, गार होऊ दिली आणि कामाला लागलो. शेवाळाचा कण न् कण साध्या पाण्याखाली धुऊन काढला. मग प्रत्येक मूळ दोन बोटांत दाबून पाहिले. घट्ट लागले ते ठेवले. पिचले, पोकळ लागले ते निरोगी भागापर्यंत कापले. वीस-बावीस मुळांपैकी चार उरली, त्यांतलीही एक निम्मी. कापल्या जागी मसाल्याच्या डब्यातली दालचिनीची पूड बोटाने लावली. ती जखम सुकवते. पण धडक्या मुळांना ती लागू देऊ नये, त्यांनाही ती सुकवते. पिवळे पान ओढून काढले नाही, ते आपोआप गळू दिले. मग झाड एक दिवस सावलीत तसेच उघडे ठेवले. कापलेल्या मुळांच्या झाडाला लगेच पाणी देण्याचा मोह फार होतो. तो आवरावा.

कुंडीत माती अजिबात नाही. इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळशाचे खडे आणले, एका जुन्या विटेचे सुपारीएवढे तुकडे केले, आणि देवळात फुटणाऱ्या नारळांचे सोडण मागून आणले. सोडणाचे तुकडे तीन दिवस पाण्यात भिजत ठेवले आणि रोज पाणी बदलले. पहिल्या दिवशी ते पाणी चहासारखे होते, तिसऱ्या दिवशी निवळले. कुंडी म्हणून सरबताचा पारदर्शक प्लॅस्टिकचा पेला घेतला. तापलेल्या सुईने त्याला तळाशी आणि बाजूंना वीस-पंचवीस भोके पाडली. पारदर्शक अशासाठी की मुळे डोळ्यांना दिसावीत. मूळ हिरवे आहे की चांदीसारखे, एवढेच तर पाहायचे असते. पेला झाडाच्या मानाने लहानच घेतला. माणसाने आजारपणात मोठ्या घरात राहायला जाऊ नये, तसेच हे. चार मुळांच्या जोरावर झाड उभे राहत नव्हते, म्हणून बांबूच्या काडीला सुती दोऱ्याने सैल बांधले. नाही तर ते हलते आणि नव्या मुळाचे कोवळे टोक खड्यांवर घासून मोडते.

पाणी कोणते? आमच्या बोअरचे पाणी जड. त्याचे पांढरे पापुद्रे बादलीवर बसतात, तसे ते ऑर्किडच्या मुळांवर बसून टोके जाळतात. म्हणून पावसाचे साठवलेले किंवा गाळणयंत्रातले गोड पाणी घ्यायचे. यंत्राने बाहेर टाकलेले मात्र नव्हे, त्यात क्षार दुप्पट. सकाळी पेला पाण्यात दहा मिनिटे बुडवायचा, निथळायचा, पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर कापसाने टिपायचा. तिथे पाणी साचले की झाडाचा कोंबच सडतो, आणि या झाडाला कोंब एकच असतो. मग पुन्हा मुळे चांदीची दिसेपर्यंत हात लावायचा नाही. हिवाळ्यात ते कधी आठ दिवसांनी, कधी दहा. उन्हाळ्यात तीन दिवसांनी.

मार्गशीर्ष, पौष, माघ गेले. झाड जसे होते तसेच. जिवंत आहे की नाही, हे सांगता येत नव्हते. अक्काचा दर रविवारी फोन येई. घरच्यांची विचारपूस झाली की जरा थांबून विचारी, “आणि ते?” मी म्हणे, “आहे.” तेवढ्यावर तिचे भागे.

फाल्गुनात एका सकाळी खोडाच्या बाजूने हिरवट तांबूस टोक डोकावलेले दिसले. तांदळाच्या दाण्याएवढे. नवे मूळ! त्या दिवशी रविवारची वाट न पाहता मीच फोन केला.

पुढे उन्हाळा आला. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. पतंगासारख्या नाजूक फुलाच्या झाडाला ही भट्टी. पण आपल्या घरांत या झाडासाठी एक तयार काचघर असते, ते ध्यानात येत नाही. ते म्हणजे कूलरची खोली. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार, ओलसर हवा त्याला मानवली. फक्त झोताच्या तोंडी ठेवले नाही, कोपऱ्यात माठाच्या शेजारी ठेवले. लाइट गेली की माठावरचे ओले फडके त्याच्याभोवती गुंडाळी. ज्येष्ठात एक नवे पान आले, जाड आणि ताठ. भाद्रपदात दुसरे. मुळे आठ झाली, तेव्हा चिमूटभर खत लिटरभर पाण्यात विरघळवून पंधरवड्यातून एकदा देऊ लागलो. त्याआधी दिले असते तर ते उपाशी माणसाला पुरणपोळी वाढल्यासारखे झाले असते.

मागच्या भाऊबीजेला लातूरला गेलो, पण झाड नेले नाही. नुसता फोटो नेला. अक्काने तो बराच वेळ पाहिला आणि देवघरात ठेवला.

गेल्या मार्गशीर्षात पानाच्या बेचक्यातून एक कोंब निघाला. मूळ समजून दुर्लक्ष केले होते. पण टोक बोटमोज्यासारखे चपटे, वर पाहणारे. तो फुलांचा दांडा होता. रात्री गार होऊ लागल्या की फॅलेनॉप्सिस दांडा धरते, आणि आमच्याकडची थंडी त्याला पुरते. आनंद झाला, पण लगेच काळजीही. अशक्त झाडाने फुलायचे ठरवले की ते साठवलेले सगळे त्या फुलांत घालते आणि कधी कधी त्यातच संपते. जाणकार सांगतात, असा दांडा कोवळा असतानाच कापावा. मी कात्री तापवली, गार केली आणि तशीच हातात धरून बसलो. दाजींच्या झाडाची फुले कापायची, हे माझ्या एकट्याच्या हाताला होईना. शेवटी अक्काला फोन लावला आणि सगळे समजावून सांगितले.

तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “काप. आधी जगू दे त्याला.”

कापला.

यंदा आषाढात, चांगले दोन पाऊस झाल्यावर, झाड एसटीने परत लातूरला पोचवले. आता त्याला पाच पाने आहेत, आणि मुळे पेल्यात मावेनाशी झाल्यामुळे घर बदलले आहे. तेही पारदर्शकच, थोडे मोठे. अक्काने पागोळ्यांचे पाणी साठवायला पिंप ठेवले आहे. दाजींची चिनी कुंडी तिने टाकली नाही. तिच्यात सुट्या पैशांबरोबर लायटरही ठेवते. झाडाला फूल मात्र अजून आलेले नाही. या थंडीत दांडा धरला तर माघात येईल. नाही धरला तर पुढल्या वर्षी.

श्रावणात दाजींच्या तिथीला अक्काचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर म्हणाली, “आज त्याला पाणी दिलं नाही बघ. मुळ्या हिरव्याच आहेत अजून.”

“बरं केलंस,” मी म्हणालो.

“हूं,” ती म्हणाली. “आणि नाही दिलं, तर काही वाटलं नाही रे आज.”

भाऊबीजेला जाईनच. वाचकांपैकी कुणाच्या खिडकीत असे झाड सुकत असेल, तर पाणी घालण्याआधी एकदा कुंडी उचलून तिच्या तळाला भोक आहे का, तेवढे पाहावे.